आधी गिऱ्हाईक सोडवा: ठाणे जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार आणि खासदार महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मकोकात, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, दुरुस्ती केली आणि अमली पदार्थांचा धंदा संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणला. एमडीचे, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचे, कारखाने चालवणाऱ्यांनी जामिनावर सुटून पुन्हा तोच धंदा मांडू नये, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण तेव्हापासून कोर्टनाक्याच्या चहाच्या टपरीवर आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या बैठकांत दोनच सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, अजून कडक करा, दिसेल त्याला आत टाका. दुसरा तरुण आणि शिकलेल्या मंडळींत जास्त आहे. सगळं कायदेशीर करून टाका, सरकारने परवाने द्यावेत, कर घ्यावा, टोळ्या आपोआप उपाशी मरतील, असं त्यांचं म्हणणं.

मी ठाण्यात फौजदारी वकिली करते. एनडीपीएसच्या, म्हणजे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस रोज हाताळते, एका चिलमीच्याही आणि व्यावसायिक प्रमाणाच्याही. या दोन्ही सुरांना आपण घाईने मान डोलवू नये, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्यातला दुसरा सूर आधी घेते, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कायदेशीर करा म्हणणारे पोर्तुगाल आणि कॅनडाचे दाखले देतात. खरं तर त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे, तो म्हणजे सोनं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला. लोकांची सोन्याची हौस काही त्यामुळे कमी झाली नाही. दुबईहून बिस्किटं येत राहिली आणि ती उतरवून घेणाऱ्यांची साम्राज्यं उभी राहिली. हाजी मस्तान त्याच काळातला. त्याच्याही आधी १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला होता आणि टोळीवाल्या वरदराजन मुदलियारची सुरुवात झाली ती हातभट्टीच्या धंद्यातून. या दोन्ही बंद्यांमागे मोरारजी देसाई होते, दारूच्या वेळी मुंबई प्रांताचे गृहमंत्री म्हणून आणि सोन्याच्या वेळी देशाचे अर्थमंत्री म्हणून. त्यांच्या प्रामाणिकपणावर त्यांच्या विरोधकांनीही फारसं बोट ठेवलं नाही. हेतू स्वच्छ असूनही कायद्याने गुन्हेगारांचं घर भरता येतं, हे महाराष्ट्राइतकं दुसऱ्या कुणी जवळून पाहिलं नसेल.

१९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोनं आणायची मुभा मिळाली. तस्करीतला नफा बसला आणि ज्या धंद्यावर टोळ्या पोसल्या गेल्या तो काही वर्षांत पार लंगडा झाला. इथवर कायदेशीर करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं.

पुढचा भाग मात्र ते सांगत नाहीत. धंदा बसला, टोळ्या नाही बसल्या. त्यांची माणसं, त्यांच्या होड्या, कस्टममधली त्यांची ओळख, सगळं शाबूत होतं. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि स्फोटकं उतरली ती तस्करीच्या मुरलेल्या यंत्रणेच्याच जोरावर. नंतर खंडणीचा काळ आला. बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले यांना फोन येऊ लागले. १९९७ मध्ये गुलशन कुमार यांचा खून झाला. आणि १९९९ मध्ये मकोका आला. म्हणजे ज्या कायद्यात आपण आत्ता दुरुस्ती केलीत, तो कायदाच मुळी सोन्यातली कमाई आटल्यावर खंडणीकडे वळलेल्या टोळ्यांसाठी करावा लागला होता. एक धंदा काढून घेतला की टोळी दुसरा शोधते. मधल्या काळात पोलीस तयार नसतील, तर त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो.

सोन्याच्या गोष्टीत आणखी एक गोम आहे. २०१३ मध्ये आयात शुल्क १० टक्क्यांवर नेलं, २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर, आणि विमानतळावर पट्ट्यात, बुटांत, पोटात सोनं लपवून आणणारे पुन्हा सापडू लागले. शेवटी जुलै २०२४ मध्ये शुल्क ६ टक्क्यांवर आणावं लागलं. वस्तू कायदेशीर असली तरी कर जड झाला की त्याच्याखाली चोरट्या धंद्याला जागा होते. याचा पुरावा हवा असेल तर दिव्याच्या आणि भिवंडीच्या खाडीकडे बघा. दारू आपल्याकडे कायदेशीर आहे, नाक्यानाक्यावर वाइन शॉप आणि बिअर शॉपी आहे. तरी उत्पादन शुल्क खात्याची माणसं आजही होडीतून खारफुटीत शिरून हातभट्ट्या फोडतात, आणि काही दिवसांत त्या पुन्हा पेटतात. कारण परवान्याची क्वार्टर ज्याला परवडत नाही तो खोपटात जाऊन ग्लास मारतो. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसं मेली, तेव्हाही मुंबईत परवान्याची दारू मिळतच होती.

आणि बंदी म्हणाल, तर गुटखा आहे. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. आपल्यापैकी कुणीही ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला दहा मिनिटं फिरून यावं आणि बंदी कुठे दिसते ते मला सांगावं. यावर आणखी लिहायची गरज नाही.

आता एमडीकडे येते, कारण ठाणे आणि नवी मुंबईत आज आईबापांची झोप उडवली आहे ती एमडीने. सगळं कायदेशीर करा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी २०१५ पर्यंत मेफेड्रोन एनडीपीएसच्या यादीतच नव्हतं. त्याआधीची काही वर्षं ते मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांभोवती स्वस्तात मिळत होतं, पकडलं तरी पोलिसांना लावायला कलम सापडत नव्हतं. बंदी नसताना काय होतं याचा तो प्रयोगच म्हणायचा, आणि तो आपल्याच पोरांवर झाला. तेव्हा ते आजच्यापेक्षा कमी घातक होतं असं त्या वर्षांत ज्यांची मुलं गेली त्यांना कुणी सांगू नये. एमडीचं दुकान सरकारने काढावं, या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

गांजाचं प्रकरण वेगळं आहे आणि ते वेगळंच ठेवलं पाहिजे. १९८५ पूर्वी आपल्या देशात अनेक राज्यांत गांजा परवान्याच्या दुकानांत मिळत असे. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने सात खंडांचा अहवाल दिला आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना आणि कर बरा, असं सुचवलं. आजच्या कायद्यातही भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. होळीला भांग पिणारा या कायद्यापुरता निर्दोष आणि त्याच झाडाची फुलं ओढणारा आरोपी, यातलं तर्कशास्त्र मला अनेक वर्षं वकिली करूनही अशिलाला समजावता आलेलं नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला. अमेरिकेत २०१२ पासून एकेका राज्याने तो खुला केला, मेक्सिकोहून येणाऱ्या गांजाचा ओघ आटत गेला, आणि तिथल्या टोळ्यांनी आपला जोर मेथ आणि फेंटानिलवर लावला. आपल्याकडच्या सोन्याचीच ही आवृत्ती. म्हणून गांजावर संसदेत मोकळी चर्चा व्हावी, जाणकारांची समिती बसावी, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याने टोळ्या संपतील असं आश्वासन मात्र कुणी देऊ नये.

मग टोळी दुबळी कशाने होते? माझ्या कामातून मला जे दिसतं ते सांगते. टोळीची खरी ताकद तिच्या पिस्तुलात कमी आणि तिच्या गिऱ्हाइकात जास्त आहे. ते गिऱ्हाईक डॉक्टरकडे जायला घाबरतं, पोलिसांकडे जाऊ शकत नाही, घरी सांगू शकत नाही. त्याला एकच दार उघडं असतं, पुडी देणाऱ्याचं. पैसे संपले की तोच पुड्या विकू लागतो, कारण पाच विकल्या की एक त्याची. असा नोकर टोळीला फुकट मिळतो. पकडला गेला तर त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. हा नोकर तयार करून द्यायचं काम आपण करतो, आपल्या कायद्याने.

मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर बसून सेवनाच्या केसेस कशा चालतात ते एकदा पाहा. येऊरच्या पायथ्याला किंवा रुळांच्या कडेला ओढताना धरलेला पोरगा उभा राहतो. पंचनाम्याचा मजकूर इतका ठरलेला असतो की नाव आणि ठिकाण बदललं की दुसरी केस तयार. सोबत वैद्यकीय तपासणीचा कागद आणि लाखेच्या सीलचं एक पाकीट, त्यात अर्धवट जळालेलं थोटूक. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं जातं. बाहेर कुणीतरी त्याला आधीच पढवलेलं असतं, हो म्हण, दंड भर, सुटशील. लढायचं तर तारखा पडणार, खाडे होणार. तो हो म्हणतो. आई व्हरांड्यात पदराच्या गाठीतल्या नोटा मोजत असते. दंडाची पावती फाटते आणि पुढचा पुकारा होतो. या सगळ्यात त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला हे सुटत नाहीये का?

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतल्या अशा केसेसच्या नोंदी तपासल्या होत्या. जवळजवळ सगळ्या केसेस स्वतःपुरत्या सेवनाच्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतांश गांजाच्या. पोलिसांचे तास, सरकारी वकिलांचे तास, प्रयोगशाळेतला वेळ, सगळं थोटकांवर खर्च होतं, आणि कारखान्यातला माल तपासायला प्रयोगशाळेत रांग लागते.

दंड भरून सुटलेल्या पोराचं पुढे काय होतं? सिक्युरिटीत, डिलिव्हरीत, शाळेच्या बसवर, कुठेही गेला की पोलीस पडताळणीचा दाखला मागतात. तिथे ती कबुली आडवी येते. काम देणारे दार लावतात. न लावणारा एकच असतो.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करायचा. रात्रपाळीत जागं राहायला एमडी घेऊ लागला, मग नोकरी गेली, मग उधारी फेडायला पुड्या पोचवू लागला. पकडला तेव्हा पिशवीत पन्नास ग्रॅमच्या थोडं वर माल होता. एमडीसाठी पन्नास ग्रॅम म्हणजे व्यावसायिक प्रमाण, मुठीत मावेल एवढं. शिक्षा किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. त्यात एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरासिंग प्रकरणात ठरवून दिलं की भेसळीसह सगळं वजन धरायचं. म्हणजे मालात निम्मी पावडर कसलीही असली तरी पोराच्या खात्यावर पन्नास ग्रॅमच. ज्याने त्याला पिशवी दिली तो कागदावर ‘फरार, पूर्ण नाव माहीत नाही’. आणि ज्याने माल बनवला त्याच्यापर्यंत ही केस कधी पोचणारच नाही. मुलाखतीच्या खिडकीपाशी जाळीतून त्याने मला जामिनाबद्दल विचारायच्या आधी विचारलं, मॅडम, आत रात्री अंग तडफडतं, इथे डॉक्टर मिळेल का?

याच माणसाला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्ण मानतो, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. १९८५चा कायदा त्याला आरोपी मानतो. एकाच देशाच्या संसदेने केलेले हे दोन कायदे आहेत. आणि १९८५च्या कायद्यातही दार अगदीच बंद नाही. कलम ६४अ सांगतं की स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवर सेवनाचा आणि अल्प प्रमाणाचा खटला चालवू नये. कलम ३९ खाली कोर्ट त्याला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. ही कलमं घेऊन मी उभी राहते तेव्हा पहिला प्रश्न येतो, सरकारमान्य केंद्र कुठलं आणि तिथे खाट आहे का? तिथे माझा युक्तिवाद संपतो. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण उभं आहे म्हणून ठाण्याच्या कित्येक घरांना आधार मिळाला. पण जिथे इतकी माणसं राहतात त्या आपल्या पट्ट्यातल्या आईबापांनी पोराला घेऊन घाट चढून जावं, हे किती दिवस चालायचं? ज्यांना ते जमत नाही ते कुठल्यातरी खासगी ‘केंद्रा’त पोराला टाकतात. तिथे मारहाण होते हे आम्हा वकिलांना, पोलिसांना, सगळ्यांना माहीत असतं. एम्सच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात म्हटलं होतं की बेकायदा नशेच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो. उरलेल्यांतले बरेच जण कुणाच्या हाती असतात हे मी वर लिहिलंच आहे.

पोर्तुगालचं नाव घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की त्या देशाने काहीही ‘कायदेशीर’ केलेलं नाही. जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ असणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. तो माणूस एका समितीपुढे जातो, तिथे समाजसेवक, मानसतज्ज्ञ, कायदा जाणणारे असतात, आणि व्यसन जडलेलं असेल तर त्याची रवानगी उपचाराकडे होते. विकणारा आजही तुरुंगात जातो. सुई टोचून घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची लागण तिथे झपाट्याने उतरली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये यातली निम्मीच गोष्ट उचलली. गुन्हा काढून टाकला, पण दवाखाने आणि माणसं वेळेत उभी केली नाहीत. लोक संतापले आणि २०२४ मध्ये गुन्हा परत आणला गेला. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी खाटा, मग कायद्यातला बदल.

खासदार महोदय, एनडीपीएस हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे सेवनाला शिक्षा देणारं कलम २७ आपल्या हातात आहे. सेवन आणि स्वतःपुरता अल्प साठा यांना तुरुंगाऐवजी उपचाराची वाट द्यावी, अशी सूचना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच २०२१ मध्ये केल्याचं प्रसिद्ध झालं होतं. ती सूचना पुढे रेटा. विकणाऱ्यावरचं एकही कलम सैल करू नका.

आमदार महोदय, आरोग्य आणि पोलीस राज्याकडे आहेत. कळव्याच्या आणि वाशीच्या पालिका रुग्णालयांत व्यसनमुक्तीसाठी स्वतंत्र खाटा, मानसतज्ज्ञ आणि समुपदेशक द्या. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आहे, एमडीवर तशी गोळी नाही. तिथे माणूसच लागतो, महिनोन्‌महिने बोलणारा, घरच्यांना धरून ठेवणारा. त्याचा पगार अर्थसंकल्पात दाखवा. प्रत्येक पोलीस ठाण्याला कलम ६४अ कसं वापरायचं याचं परिपत्रक जाऊ द्या. खासगी केंद्रांची नोंदणी आणि तपासणी होते की नाही, हे स्वतः जाऊन बघा.

आणि सेवनाच्या केसेसमधून मोकळे झालेले पोलीस एमआयडीसीत पाठवा. एमडीला शेत लागत नाही, रिअॅक्टर लागतो, ड्रायर लागतो, रसायनं लागतात आणि ती पिंपातून येतात. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतून टनावारी इफेड्रिन पकडलं. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो एमडी मिळालं. तळोजा, अंबरनाथ, बदलापूर, ठाणे-बेलापूर पट्टा, सगळीकडे बंद पडलेले शेड पोटभाड्याने दिले जातात. तिथे कोण आलं, काय बनवतो, कुठली रसायनं किती घेतो, वीज किती ओढतो, हे एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाने निरीक्षक आणि महावितरण यांच्या वेगवेगळ्या फायलींत असतं. त्या फायली एका टेबलावर आणायला नवा कायदा लागत नाही. मकोकाची दुरुस्ती खरोखर टोळीच्या डोक्यावर वापरायची असेल, तर तिथून सुरुवात होईल. माझ्या अशिलासारख्या पोचवणाऱ्या पोरांवर ती वापरली गेली, तर आकडे वाढतील आणि कारखाने चालूच राहतील.

येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारा, हीच माझी मागणी. गेल्या तीन वर्षांत ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर आयुक्तालयांत एनडीपीएसखाली किती गुन्हे दाखल झाले, त्यातले किती निव्वळ सेवनाचे? कलम ६४अ चा लाभ किती जणांना मिळाला? किती प्रकरणांत तपास माल बनवणाऱ्यापर्यंत पोचला? आणि जिल्ह्यात सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रांत आज किती खाटा आहेत? उत्तर पटलावर आलं की त्याची प्रत ठाण्याच्या वकील संघटनेकडे पाठवा, आम्ही ते वाचून आमच्या सूचना लेखी कळवू.

आपली,
ठाणे न्यायालयात वकिली करणारी आपली एक मतदार